कॅन, मस्ट आणि विध्यर्थाचं गोत्र

दहावीच्या इंग्रजीत हमखास मार्क देणारा एक प्रश्न असतो: वाक्यातलं ‘मोडल ऑक्झिलिअरी’ ओळखा आणि त्यातून काय सूचित होतं ते लिहा. क्लास रत्नागिरीतला असो की चिपळूणचा, मुलांच्या वहीत कोष्टक तेच. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी किंवा शक्यता, शुड म्हणजे सल्ला, मस्ट म्हणजे सक्ती. खाली चौकटीत नियम: यांना तृतीयपुरुषी ‘एस’ लागत नाही. का लागत नाही, हे कुणी विचारत नाही. पेपरापुरतं तेवढं भागतं.

या कोष्टकाचा एक मूळपुरुष गणिती होता. अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह ज्याने रूढ केलं, त्या जॉन वॉलिसने १६५३ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे नुसता भविष्यकाळ आणि ‘विल’ म्हणजे निश्चय, द्वितीय-तृतीयपुरुषी याच्या उलट, ही वाटणी त्याची. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ती घोकली. या दोन शब्दांची अदलाबदल करून ओरडणारा बुडता माणूस ‘मी बुडणारच, मला कुणी वाचवायचं नाही’ असं बोलून बसतो आणि काठावरचे सभ्य लोक त्याला बुडू देतात, हा जुन्या मास्तरांचा ठेवणीतला विनोद त्याच वाटणीवर उभा आहे.

कोष्टकाला शाळेचं रूप दिलं ते लिंडले मरेने. हा अमेरिकेतला वकील इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाला आणि १७९५ मध्ये त्याने तिथल्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं. कॅन, मे, माइट, कुड, वुड, शुड ही सगळी मंडळी त्याने ‘पोटेन्शियल मूड’ नावाच्या एका छपराखाली आणली. शक्यता, मोकळीक, सामर्थ्य, इच्छा, कर्तव्य, असे त्याचे अर्थ दिले. पुस्तक अफाट खपलं आणि कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातल्या इंग्रजी शाळांतही पोचलं.

मुंबईत ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी नमुना म्हणून पुढे ठेवलं आणि १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ काढलं. मराठीचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव होतो, पण ग्रंथाची मांडणी पुष्कळशी मरेच्या वळणाची. शाळेत आपण शिकतो तो विध्यर्थ आठवून पाहा. कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा हे त्याचे पाठ केलेले अर्थ मरेच्या यादीशेजारी ठेवले की दोन्ही घरचे चेहरे जुळतात.

म्हणून विध्यर्थ विलायती ठरत नाही. नाव पाणिनीच्या विधिलिङ्कडून आलंय. पाणिनीने आज्ञा, निमंत्रण, आमंत्रण, आदराची विनवणी, विचारणा आणि प्रार्थना हे सहा अर्थ एका सूत्रात बसवले आणि योग्यता व सामर्थ्य पुढच्या सूत्रांत घेतलं. गंमत अशी की ‘करावे’ हे रूप मात्र विधिलिङ्चं नाहीच. ते ‘कर्तव्य’मधल्या ‘तव्य’ प्रत्ययापासून प्राकृतातून झिजत आलेलं. एकाचं नाव, दुसऱ्याचं शरीर आणि पाठ्यपुस्तकातली जागा तिसऱ्याच्या धर्तीवर.

मराठी व्याकरणाच्या या कामात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई, म्हणजे ‘शुड’ आणि ‘करावे’ एकाच पानावर समोरासमोर. मुलांसाठी व्याकरण त्यांनीही लिहिलं. पुढे रत्नागिरीत शिक्षक असलेल्या गंगाधरपंत टिळकांनी, म्हणजे लोकमान्यांच्या वडिलांनी, त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलं आणि व्याकरणावरही. वॉलिससारखंच हे, गणिताच्या माणसाने भाषेचे हिशेब मांडणं.

आणि मालगुंडच्या दामल्यांचं घर. थोरल्याने, केशवसुतांनी, मराठीत सुनीत आणलं. धाकट्या मोरो केशवांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. आधीच्या व्याकरणकारांची मतं एकेक करून पुढ्यात घ्यायची आणि मराठीला ती कुठे लागू पडतात, कुठे नुसती बाहेरून आणून बसवलीत, हे तपासायचं, ही त्यांची रीत. मालगुंडला लोक केशवसुतांच्या स्मारकासाठी जातात. धाकट्या भावाची आठवण व्याकरणवाल्यांपुरती उरली आहे, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता ‘एस’ची गोष्ट. कॅन, मे, शॅल ही जुन्या इंग्रजीत मुळात भूतकाळी घडणीची रूपं होती. ‘कॅन’चा अर्थ ‘जाणतो’. जे शिकून झालं ते आता येतं, म्हणून रूप भूतकाळाचं आणि अर्थ वर्तमानाचा. भूतकाळाला ‘एस’ लागत नाही, म्हणून यांनाही लागला नाही. ‘शॅल’ म्हणजे देणं लागणे, ‘मे’ म्हणजे अंगात बळ असणे. ‘मस्ट’ तर एका भूतकाळावर चढलेला दुसरा भूतकाळ. ‘कुड’मधला न उच्चारला जाणारा ‘एल’ मुळात नव्हताच, ‘शुड’ आणि ‘वुड’ यांच्या संगतीने तो मागाहून घुसला. स्पेलिंगपायी मुलांनी छड्या खाल्ल्या त्या असल्या घुसखोरासाठी!

आपल्याकडेही असे थिजलेले शब्द आहेत. ‘पाहिजे’ हा ‘पाहणे’चा जुना कर्मणी वर्तमानकाळ: पाहिलं जातं, शोधलं जातं, म्हणून हवं असतं. ज्ञानेश्वरीच्या मराठीत अशी रूपं पावलोपावली भेटतात. आज ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ एवढीच नित्याच्या बोलण्यात टिकली.

‘कॅन’साठी मात्र मराठीने एक शब्द कधी ठेवलाच नव्हता. माडावर चढणाऱ्या गड्याचंच घ्या. शिकलेला असेल तर त्याला चढता येतं. गुडघे गेले की त्याच्याने चढवत नाही. हे व्याकरणातलं शक्य क्रियापद. उद्या दुसऱ्याकडे नारळ पाडायचे असतील तर त्याला जमणार नाही. पावसाने खोड निसरडं झालं असेल तर चढणं व्हायचं नाही. आणि परवानगीच मागायची तर ‘चढू का?’ एवढ्यात काम होतं. कसब, शरीर, सवड, परिस्थिती, परवानगी, प्रत्येकाला वेगळी वाट. इंग्रजीत या सगळ्यांना ‘कॅन’ पुरतो. भाषांतराच्या तासाला त्याच्यासमोर ‘शकणे’ लिहिलं गेलं आणि मग ‘शकणे’ने बाकीच्यांना घराबाहेर काढायला सुरुवात केली. ‘बाई, आत येऊ का?’ विचारणारी मुलं आता ‘मी आत येऊ शकतो का?’ म्हणतात. येऊ शकतोस बाळा, पाय धड आहेत की!

सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली, परके शब्द वेचून बाजूला काढले. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द त्यांच्याच नावावर आहेत. पण ‘शकतो’ला अशा कुठल्याच नाक्यावर अडवता येत नाही. धातू अस्सल संस्कृत आणि पाणिनीच्याही ओळखीचा. परकी आहे ती त्याची नेमणूक.

तिकडे इंग्रजीत उलटाच प्रकार चालू आहे. जेफ्री लीच या भाषाशास्त्रज्ञाने १९६१ आणि १९९१ सालचे इंग्रजी मजकुरांचे संग्रह ताडून पाहिले, तर मोडल्सचा वापर एकंदरीत उतरणीला लागलेला दिसला. शॅल, मस्ट, मे यांची घसरण ठळक होती. त्यांची जागा ‘हॅव टू’, ‘नीड टू’ असली जोडरूपं घेत आहेत. वॉलिसने शॅल आणि विलची वाटणी करून दिली, त्यातला शॅल आता इंग्रजांच्या तोंडी मुख्यतः ‘निघू या का?’ छापाच्या प्रश्नांत आणि कायद्याच्या कलमांत उरला आहे. ‘हॅव टू’ शिकवताना मात्र मास्तरांना फार खटपट पडत नाही. ‘जावं लागतं’ म्हटलं की शेवटच्या बाकावरही कळतं.