एका टकटकीचे निदान

जुन्या मोटारीचा आवाज बदलला की मालकाचा जीव खालीवर होतो. अनुभवी मिस्त्री मात्र लगेच पाना उचलीत नाही. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून तो मुठीला कान लावतो. थंड इंजिनाची खडखड ते तापल्यावर विरली, तर संशय झिजलेल्या पिस्टनवर जातो. घाट चढताना उमटणारी, धातूवर हातोडी मारल्यासारखी टकटक निराळी. या टकटकीचे कारण प्रथम कसे सापडले आणि पुढे काय घडले, हा यंत्रविद्येच्या इतिहासातील मोठा बोधप्रद अध्याय आहे.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला. त्यांनीच प्रचारात आणलेल्या बॅटरीच्या ठिणगीवर या टकटकीचा आळ आला. आळ खरा की खोटा, हे ठरविण्याचे काम १९१६ साली डेटन शहरात त्यांचे तरुण सहकारी टॉमस मिजली यांच्याकडे आले. इंधन ठिणगीपूर्वीच पेट घेते, अशी तेव्हा समजूत होती. मिजली यांनी सिलिंडरमधील दाब तपासला, तेव्हा तो ठिणगीनंतर एकाएकी उसळतो असे दिसले. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटत होते. ठिणगी निर्दोष ठरली. दोष इंधनाच्या गुणात होता. जुन्या इंजिनात काजळीचे थर साचून दाब व उष्णता वाढते, म्हणून तेथे हा विकार अधिक बळावतो.

निदान उत्तम झाले. उपचारासाठी आयोडीन, ॲनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशी अनेक द्रव्ये पारखली गेली. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचे काही थेंब पडताच टकटक थांबली. मद्यार्काच्या मिश्रणानेही ती थांबते, हे मिजली जाणून होते; तरी १९२३ साली बाजारात आले ते शिसेयुक्त पेट्रोल. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात या द्रव्याच्या बाधेने पाच कामगार दगावले. त्याच महिन्यात मिजली यांनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर घेऊन हुंगून दाखविले. वस्तुतः आदल्याच वर्षी शिसेबाधेमुळे त्यांना स्वतःला विश्रांती घ्यावी लागली होती. १९२५ च्या सरकारी परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी या पेट्रोलाला विरोध केला. काही काळ थांबलेली विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढची कथा आपल्याही घरची आहे. बदलीच्या गावी ज्यांनी वर्षानुवर्षे ॲम्बॅसडर किंवा फियाट चालविली, त्यांच्या मोटारीच्या धुरातून हेच शिसे रस्त्यावर, अंगणात आणि खेळणाऱ्या मुलांच्या श्वासात जात होते. मुलांच्या बुद्धीवर त्याचा दुष्परिणाम होतो, हे पुढे सिद्ध झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून मोटारींचे पेट्रोल शिसेमुक्त झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया २०२१ साली त्यातून सुटला.

निदान काही वर्षांत झाले होते. औषधातील विष निघण्यास शतक लागले. तक्रार ऐकू येईनाशी झाली की प्रकरण निकालात निघाले असे मानण्याची सवय आपल्या कचेऱ्यांनाही अपरिचित नाही. पेचकसाला कान लावणारा मिस्त्री आवाज थांबल्यावरही क्षणभर ऐकत राहतो. त्याचे ते थांबणे आपण शिकण्यासारखे आहे.