अमानत कोणाची?

सरकारी गुपित फोडणारा नोकर नमकहराम की जनतेचा हितचिंतक, हा वाद जुना आहे. या वादात इंग्लंडमधील तीन खटले अभ्यासण्यासारखे आहेत. ज्या कायद्याखाली ते चालले, त्याचेच भावंड इंग्रज आपल्याकडेही ठेवून गेले. त्यामुळे ही केवळ परक्यांची कहाणी नव्हे.

ब्रिटिश संसदेने १९११ साली सरकारी गुपितांचा कायदा केला. जर्मन हेरांच्या भीतीचा तो काळ होता. कायदा हेरांसाठी असल्याचे सांगितले गेले. पण त्याच्या दुसऱ्या कलमाने परवानगीवाचून कोणतीही सरकारी माहिती बाहेर देणे हाच गुन्हा ठरवला. माहिती खरी की खोटी, ती लपवण्यात कोणाचे हित, हे प्रश्न कायद्याला पडलेच नाहीत.

सारा टिस्डल ही परराष्ट्र खात्यातील तरुण कारकून. अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर केव्हा येणार आणि त्या वेळी संसदेला कसे हाताळायचे, यासंबंधीचे कागद तिच्या हाती आले. संसदेला बगल दिली जात आहे असे वाटून तिने १९८३ मध्ये त्यांच्या प्रती निनावी ‘गार्डियन’कडे पोहोचवल्या. सरकार कोर्टात गेले. कोर्टाच्या आदेशानुसार वृत्तपत्राने कागद परत केले आणि त्यांवरूनच टिस्डलचा माग लागला. मार्च १९८४ मध्ये तिला सहा महिन्यांची कैद झाली. छापणारे सुटले, देणारी तुरुंगात गेली!

दुसरा खटला क्लाइव्ह पाँटिंग या संरक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याचा. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसे मेली. याविषयी सरकार संसदेला खरे सांगत नाही, असे पाँटिंगचे मत झाले. त्याने १९८४ मध्ये वृत्तपत्राऐवजी टॅम डॅलिएल या खासदाराकडे कागद पाठवले. राज्याचे हित म्हणजे त्या वेळच्या सरकारला वाटते तेच हित, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले. तरीही फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. सामान्य माणसांना सरकार आणि देश यांतला फरक कळला होता. सरकारने याचा धडा घेतला, पण उलटा. १९८९ च्या नव्या कायद्यात ते सर्वव्यापी दुसरे कलम गेले. मात्र ‘जनहितासाठी केले’ असा बचाव करायला जागाच ठेवली नाही.

तिसरी हकीकत इराक युद्धाची, म्हणून आपल्या वाचकांच्या अधिक जवळची. कॅथरिन गन ही चेल्टनहॅम येथील ब्रिटिश गुप्तवार्ता केंद्रात चिनी भाषेची अनुवादक होती. ३१ जानेवारी २००३ रोजी अमेरिकी हेरखात्याचा एक ई-मेल तिथे आला. सुरक्षा परिषदेतील अंगोला, कॅमेरून, चिली, बल्गेरिया, गिनी आणि पाकिस्तान या देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्यास मदत करा, असा त्याचा आशय होता. युद्धाला मंजुरी मिळवण्यासाठी मतांची जुळवाजुळव चालली होती. गनने तो ई-मेल बाहेर दिला आणि २ मार्चला ‘ऑब्झर्व्हर’ने तो छापला. छापताना अमेरिकी स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने बदलली गेली, म्हणून काहींनी कागदच बनावट ठरवला. एवढ्याशा अक्षरबदलाने सत्य संशयित ठरले! गनने मात्र स्वतःहून कबुली दिली.

युद्ध थांबले नाही. २० मार्च २००३ रोजी इराकवर हल्ला झालाच. गनवर नोव्हेंबरमध्ये आरोप ठेवण्यात आला. युद्ध कायदेशीर होते का, याविषयी सरकारला मिळालेला सल्ला दाखवा, अशी मागणी तिच्या वकिलांनी केली. २५ फेब्रुवारी २००४ रोजी सरकारी पक्षाने पुरावाच सादर केला नाही आणि खटला संपला.

आता आपल्याकडे पाहू. इंग्रजांनी हिंदुस्थानात असा कायदा १८८९ मध्ये आणला आणि १९२३ मध्ये तो नव्याने केला. हुकूमत बदलली, पण तो कायदा आजही आहे. जून २००२ मध्ये दिल्लीतील पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना त्याच कायद्याखाली अटक झाली. ज्या माहितीसाठी त्यांना पकडले, ती आधीच सर्वांना उपलब्ध होती. तरी जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला जाईपर्यंत ते तुरुंगात राहिले. पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने एक खिडकी उघडली. त्याच्या कलम ८(२) प्रमाणे, हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर गोपनीयतेचा कायदा असूनही माहिती देता येते. पण ती देणार की नाही, हे आधी खातेच ठरवते.

प्रत्येक गुपित फोडावे, असे आम्ही म्हणत नाही. सैनिकांच्या हालचाली, खबऱ्यांची नावे ही अमानतच आहे. त्यात खयानत झाली तर निरपराधांचे जीव जातात. परंतु आपल्या दीनमध्ये अमानत सांभाळण्याइतकीच साक्ष न लपवण्याचीही ताकीद आहे. सरकारी नोकराला दोन्ही कर्तव्ये एकदम पार पाडता येत नाहीत, अशी वेळ येते, तेव्हा एकच प्रश्न विचारावा: ही अमानत कोणाची? खुर्चीवर बसलेल्यांची की ज्यांच्या पैशातून पगार होतो, त्या जनतेची? पाँटिंगच्या ज्यूरीने आपले उत्तर दिले होते. कायद्याने अजून दिलेले नाही.