अर्ध्यात थांबणारा राउटर आणि ट्रॅव्हर्स सिटीचे आकडे



गणपतीच्या मखरासाठी गराजमध्ये सीएनसी राउटर जोडणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: टेबल ४०० मिमीचं, पण गँट्री २०० वर थांबते आणि अलार्म येतो. मग "किटच खराब आहे, परत पाठवा" सुरू होतं. थांबताना मोटर घरघरत असेल तर कुठेतरी वायर किंवा क्लँप अडतोय. पण मुकाट अलार्म आला, तर बहुतेक वेळा एखादा आकडा चुकलेला असतो. तो आकडा आपल्यालाच का भरावा लागतो, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९४० च्या दशकात मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्सची कंपनी हेलिकॉप्टरची पाती बनवायची. पात्याचा छेद वक्र, आणि त्याची टेम्पलेट अगदी अचूक हवी. पार्सन्स आणि त्याचा इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर वक्राचे बिंदू काढले. मिलिंग मशीनवर मग एक जण एक्सचं हँडल धरायचा, दुसरा वायचं, आणि तिसरा आकडे मोठ्यानं वाचायचा! शाळेत पाढे म्हणवून घेत तसं.

पुढे १९४९ मध्ये हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम लॅबकडे गेलं, आणि १९५२ मध्ये सिनसिनाटीच्या हायड्रोटेल मशीनवर प्रात्यक्षिक झालं. (यात पार्सन्स बाजूला पडला, हे मला खटकतं. असो. १९५८ चं पेटंट त्याच्या आणि स्टुलेनच्या नावावर आहे.) शेकडो व्हॅक्यूम ट्यूब, भोकं पाडलेली कागदी पट्टी, एका पल्सला ०.०००५ इंच सरकणं, असा सगळा थाट. पण खरी गोम अशी की टेबल प्रत्यक्षात किती सरकलं, याची खबर कंट्रोलकडे परत यायची.

आपल्या गराजमधल्या यंत्रातून स्वस्ताईसाठी नेमकं हेच गेलं. २००९ चं जीआरबीएल किंवा २०११ चा शेपोको घ्या: साधी स्टेपर मोटर, खबर परत नाही. यंत्र फक्त मोजत राहतं, बघत नाही. हँडलवरची माणसं गेली, पण आकडे तपासणारा माणूस काही सुटला नाही!

आता त्या २०० चं गणित बघा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, १/८ मायक्रोस्टेपिंगवर १६००. २ मिमी पिचचा बेल्ट आणि २० दात्यांची पुली म्हणजे फेऱ्याला ४० मिमी. म्हणून मिमीला ४० स्टेप. ड्रायव्हरचा जंपर १/१६ वर असेल आणि सेटिंगमध्ये ४० च असेल, तर प्रत्येक हालचाल निम्मीच होणार. गँट्री २०० वर असताना यंत्राच्या हिशोबी ४०० झाले, सॉफ्ट लिमिट लागली, अलार्म!

तेव्हा सॉफ्ट लिमिट तात्पुरती बंद करा, हात इमर्जन्सी स्टॉपवर ठेवा, १०० मिमी सरकवा आणि व्हर्निअरनं मोजा. जुना आकडा गुणिले १०० भागिले मोजलेलं अंतर, हा नवा आकडा. ५० भरले तर ४० चे ८० करा. जास्तीत जास्त प्रवासाच्या सेटिंगला हात त्यानंतरच. आधी तेच वाढवलंत, तर गँट्री टोकापर्यंत जाईल खरी, पण मखराची कमान निम्म्या मापाची निघेल.

माप बरोबर येऊनही अलार्म येत असेल तर होमिंग बघा. जीआरबीएलमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे होमिंगनंतर गँट्री वरच्या उजव्या कोपऱ्यात असते आणि सगळं टेबल ऋण आकड्यांत. तिथून एक्स अधिक दिशेला सरकवलात तर अलार्म येणारच. ऋण दिशेला जा आणि कामाचं शून्य लाकडाच्या कोपऱ्यावर वेगळं लावा.

आणि अमेरिकेत आहोत, तेव्हा इंच आलेच. १०० मिमीचं डिझाइन जी२० खाली गेलं की २५४० मिमी मागतं आणि पहिल्याच ओळीला अडतं. उलट इंचाच्या फाइलमध्ये जी२० राहून गेलं, तर जीआरबीएल ते मिमी समजतं आणि १० इंचांची कमान १० मिमीची होते. फाइल उघडून वरच्या दोन-चार ओळी वाचायला मिनिटही लागत नाही.