तबकडी, मैदान आणि मोबाईल : हक्क की परवानगी?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल आणि सीमांबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेबांना निवृत्तीत वेळ जास्त झालेला दिसतो. विषय आहे गाण्यांची मालकी, आंदोलनाचा हक्क आणि या दोन्हींवर आलेले डिजिटल तंत्रज्ञान. वरवर पाहता ही खिचडी वाटेल. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला की तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न दिसतो. ही गोष्ट माझ्या हक्काची आहे की कोणाच्या तरी परवानगीने माझ्याकडे आहे?

सुरुवात गाण्यापासून करू.

लाखेची तबकडी

१९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन कलकत्त्याला आला. त्याने गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. गाणे संपताना त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात, ते आजही ऐकू येते. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. आवाज जायचा बोटीने आणि परत यायचाही बोटीने. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच तयार होऊ लागल्या. त्यांत वापरली जाणारी लाख तर आपल्याच जंगलांतली होती.

एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला ते म्हणजे शिक्षाच. शिवाय आपली विद्या चोरीला जाईल, आवाज बसेल अशी भीती होती. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाचा आवाज आज आपल्याकडे नाही. त्यांचे मोठेपण आपल्याला त्यांच्या शिष्यांवरून आणि आठवणींवरूनच ओळखावे लागते. उलट अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, तरी मिरजेचा तो आवाज इंदूरचा, बडोद्याचा, हैदराबादचा किंवा बेळगावचा कोणीही आज ऐकू शकतो. का? कारण त्या तबकड्या हजारो घरांत पोहोचल्या होत्या. कंपनीने एखादी तबकडी काढणे बंद केले, तरी घरातल्या फडताळातली तबकडी कोणी परत मागायला येत नव्हते. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आपला ठेवा मोठ्या प्रमाणात वाचवला तो अशा हौशी संग्राहकांनी. मुंबईच्या चोरबाजारात धूळ खात पडलेल्या तबकड्या त्यांनी उचलल्या, पुसल्या, जपल्या.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तबकडी विकत घेतली म्हणून गाण्याचे हक्क तुमचे होत नाहीत. ते कवीचे, संगीतकाराचे, कंपनीचे. पण ती वस्तू तुमची असते. ती ऐका, मित्राला द्या, मुलाला द्या, जुन्या बाजारात विका. त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. साध्या माणसाला मालकी म्हणजे एवढेच हवे असते.

कॅसेट नावाची क्रांती

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट आणली. आपल्याकडे तिचा खरा जोर ऐंशीच्या दशकात आला. तोपर्यंत भारतात संगीत म्हणजे जवळपास एकाच कंपनीचे राज्य होते. काय छापायचे ते कलकत्त्यात ठरायचे. कॅसेटने हे मोडले. छोट्या शहरातला माणूसही दोन यंत्रे घेऊन गाणी भरू लागला. भजने, लोकगीते, तमाशाच्या लावण्या, भीमगीते, आगरी-कोळी गाणी, ज्यांना मोठ्या कंपनीच्या दारात उभे करत नव्हते अशी सगळी गाणी बाजारात आली. चोरून केलेल्या नकलाही अमाप निघाल्या, हे खरे आहे आणि त्यात कलावंतांचे नुकसान झाले, हेही खरे आहे.

मी फौजेत आलो तेव्हा जवानाच्या काळ्या ट्रंकेत गणवेशाच्या घडीखाली दोन-चार कॅसेट असायच्याच. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. वाळवंट असो की बर्फ, रेडिओ लागो न लागो, गाणे आपल्याजवळ असे.

याच कॅसेटचा दुसरा चेहरा इराणमध्ये दिसला. आयातुल्ला खोमेनी देशाबाहेर हद्दपार होते. शहाकडे रेडिओ होता, दूरदर्शन होते, वर्तमानपत्रांवर पहारा होता आणि जबरदस्त गुप्त पोलीस होते. तरी खोमेनींची भाषणे कॅसेटवर नकला होऊन मशिदींत आणि बाजारात फिरत राहिली. जानेवारी १९७९ मध्ये शहाला देश सोडावा लागला. पुढे आलेली राजवट कशी निघाली हा वेगळा विषय आहे आणि माझे त्याबद्दलचे मत चांगले नाही. पण सैनिकाच्या नजरेने पाहिले तर धडा स्पष्ट आहे. ज्या यंत्राला एकच बटण नसते, ते बंद करणे सत्तेला फार अवघड जाते.

विकत घेतले, पण कुठे ठेवले?

आता आपल्या काळात येऊ. १९८२ मध्ये सीडी आली, मग एमपी थ्री आली. १९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि दोन वर्षांत कोर्टाने ते बंद पाडले. कंपन्यांनी घाबरून गाण्यांना डिजिटल कुलपे लावली. गाणे तुमच्या संगणकावर, पण किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर.

याचे काय झाले पाहा. याहूने ३० सप्टेंबर २००८ ला आपले गाण्यांचे दुकान आणि किल्ल्यांचा सर्व्हर बंद केला. ज्यांनी रोख पैसे मोजून गाणी घेतली होती, त्यांना ती नव्या संगणकावर नेता येणार नव्हती. ओरड झाली तेव्हा भरपाई देण्यात आली. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून काही पुस्तके दुरूनच पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. त्यांत जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' होते. दैवाचा विनोद म्हणायचा! पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण छापील पुस्तकाच्या बाबतीत दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक घेऊन गेला असता, तर आपण काय म्हटले असते?

अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी पुन्हा विकण्याची सोय काढली. २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पाठवताना नवी प्रत तयार होते, असे कारण दिले. म्हणजे चोरबाजारातली तबकडी विकता येते, तीच गाणी फाईलच्या रूपात विकता येत नाहीत. आणि २०१९ मध्ये मायस्पेसने कळवले की सर्व्हर हलवताना लोकांनी २०१५ पर्यंत चढवलेली गाणी नष्ट झाली. किती? पाच कोटींहून जास्त. अनेक हौशी कलाकारांकडे त्यांची दुसरी प्रत नव्हती.

आज आपण त्याही पुढे गेलो आहोत. आता आपण गाणे विकतच घेत नाही, महिन्याचे भाडे भरतो. भाडे थांबले की गाणे थांबले. करार संपला की यादीतले गाणे एका सकाळी करडे होऊन बसते.

मी या सोयीच्या विरोधात नाही. दिब्रुगडला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पूर्वी बाबूजींची एक कॅसेट मिळवायला सुट्टीत पुण्याला यावे लागे. आज ते दोन सेकंदांत ऐकतात. ही फार मोठी गोष्ट आहे. माझे म्हणणे एवढेच की भाड्याच्या घराला आपले घर समजू नका.

मैदान कोणाचे?

आता मैदानात येऊ, कारण तिथेही हाच प्रश्न आहे.

इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. नाटक, सभा, मिरवणूक हे सगळे सरकारच्या मर्जीवर होते.

१३ एप्रिल १९१९ ला अमृतसरमध्ये काय झाले ते प्रत्येक लष्करी अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा वाचावे. जनरल डायरने सकाळी सभाबंदीची दवंडी पिटवली. शहराच्या बऱ्याच भागांत ती पोहोचलीच नाही. संध्याकाळी जालियनवाला बागेत जमलेल्या लोकांवर त्याने इशारा न देता १,६५० फैरी झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. पुढे हंटर समितीसमोर त्याने कबूल केले की बऱ्याच लोकांनी दवंडी ऐकली नसेल आणि आपल्याला दहशत बसवायची होती. जो हुकूम लोकांना कळलाच नाही, तो मोडल्याची ही शिक्षा होती.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हे बदलले. कलम १९ ने नागरिकाला शांततेने, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिला. सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधने घालता येतात, पण सुरुवात हक्कापासून होते. गंमत म्हणजे आम्हा सैनिकांना हा हक्क पूर्ण नाही. कलम ३३ नुसार संसद सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. राजकीय सभेला किंवा निदर्शनाला जाणे गणवेशातल्या माणसाला मना आहे, आणि ते योग्यच आहे. बंदूक हातात असलेल्याने घोषणा देऊ नयेत.

म्हणूनच २०१५ चा जून मला महत्त्वाचा वाटतो. 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' या मागणीसाठी माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. ज्यांनी नोकरीभर हा हक्क बाजूला ठेवला होता, ते पदके लावून नागरिक म्हणून तो वापरत होते. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना हटवण्याचा प्रयत्न केला. ती दृश्ये देशाने पाहिली. सप्टेंबरमध्ये सरकारने योजना जाहीर केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये हरित लवादाने आवाजाच्या त्रासामुळे जंतरमंतरवरची आंदोलने बंद केली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरसकट बंदी चालणार नाही, रहिवाशांची शांतता आणि आंदोलनाचा हक्क यांत समतोल साधणारे नियम करा. हे मला पटते. ज्यांच्या दाराशी रोज भोंगा वाजतो, तेही नागरिकच आहेत.

एक बटण

आजचे मैदान मात्र निम्मे मोबाईलमध्ये आहे. सभा कुठे, किती वाजता, डॉक्टर कुठे मिळेल, घरच्यांना खुशाली कशी कळवायची, सगळे त्यावरच. आणि तबकडीच्या बाबतीत जे झाले, तेच इथे झाले. साधन आपल्या खिशात, बटण दुसरीकडे.

जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झाले. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि जमावबंदीचा वापर रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी करता येणार नाही. त्याच वर्षी नियमांत एका आदेशाला पंधरा दिवसांची मर्यादा आली. तरी तिथे फोर-जी सर्वत्र परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

मी सैनिक आहे. एक अफवा मोबाईलवरून गावभर फिरून दंगल कशी पेटते, हे मला समजते. काही वेळा बटण दाबावेच लागते. पण मुलकी प्रशासनाच्या मदतीला फौज बोलावली जाते तेव्हा आम्हाला चार तत्त्वे घोकून घेतली जातात : गरज असेल तरच, कमीत कमी बळ, निःपक्षपात आणि सद्भावना. लेखी मागणी लागते आणि काम संपले की बराकीत परत जावे लागते. माझे साधे मत आहे की बंदुकीला जो नियम, तोच इंटरनेटच्या बटणालाही असावा. आदेश लेखी, कारण स्पष्ट, भाग ठरलेला, मुदत ठरलेली, आणि हुकूम जनतेला वाचता येईल असा. नाहीतर न पोहोचलेली दवंडी आणि न प्रसिद्ध केलेला आदेश यांत फरक काय राहिला?

आपण काय करायचे?

मोठे उपदेश करत नाही. तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, जी गाणी तुमच्या घराची आहेत, आजोबांच्या आवडीची, लग्नात वाजलेली, ती कुलूप नसलेल्या रूपात विकत घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, पुढे ते मुद्रण सर्वांसाठी खुले होते. पण खुले होईपर्यंत त्याची प्रत शिल्लक राहायला हवी ना!

दुसरी, माळ्यावरच्या कॅसेट आणि तबकड्या भंगारात देऊ नका. एखाद्या कीर्तनकाराची, शाहिराची, तुमच्या गावच्या गायिकेची जगातली शेवटची प्रत तुमच्याच घरी असू शकते.

तिसरी, तुमच्या जिल्ह्यात जमावबंदी किंवा नेटबंदी झाली तर कोणत्या पक्षाचे आंदोलन आहे ते आधी विचारू नका. आदेश कुठे प्रसिद्ध झाला आणि तो कधी संपणार, एवढे विचारा. आज ज्यांचे तोंड बंद झाले ते आपल्याला आवडत नसतील. पण बटण तेच राहते, बोट मात्र बदलत जाते.

विचार करा, पटले नाही तर वाद घाला. तोही आपला हक्कच आहे. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद!