खेळतोस की बनवतोस?

काल शेजारचा सातवीतला पोट्टा मोबाईलवर बोटानं चौकोन रंगवत बसला होता. पिक्सेल आर्टचं ॲप. एक चित्र काढायचं, पाय जरासा सरकवून दुसरं, मग तिसरं. चालवलं की माणूस धावतो. म्हणे, "काका, गेमचा हिरो बनवतोय."

ही रीत जुनीच. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर अंकुर झरझर वाढवून दाखवला. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या नाचवल्या. काडी हलवा, चित्र घ्या, पुन्हा हलवा.

चौकोनांची गोष्ट नंतरची. १९८१ मध्ये जपानच्या शिगेरू मियामोतोंनी 'डाँकी काँग' गेमसाठी मारिओ काढला. जागा मोजक्या ठिपक्यांची. तोंड दाखवता येईना म्हणून मिशी, केस जमेनात म्हणून टोपी. अडचणीतूनच चेहरा घडला. आपल्या आयाबायांची ठिपक्यांची रांगोळी, बंजारा भरतकामातले मोजून घातलेले टाके, हिशेब तोच.

कॅमेरा आणायला फाळक्यांना विम्यावर कर्ज काढून विलायत गाठावी लागली. या पोट्ट्याच्या खिशात सगळं आहे. पण यवतमाळ म्हटलं की बातमी कापसाची नाहीतर आत्महत्येची. मीही तेच लिहितो. आणि घरी आलो की पोरीवर ओरडतो, "ठेव तो मोबाईल!" ती काय करत होती, हे परवा विचारलंच नाही.

आज विचारणार आहे. तुम्हीही विचारा.