नापासांना पहिली हाक

1971च्या जनगणनेत राळेगणसिद्धीत लिहितावाचता येणाऱ्या बायका होत्या 72. प्राथमिक शाळा 1932पासून होती. पुढे शिकायचं तर मुलगे शिरूर-पारनेर गाठत, मुली घरी बसत.

1975मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. सुरुवात पाण्यापासून झाली. गावचा पाझर तलाव होता, पण पाणी बांधाखालून निसटून जायचं. पाझर तलावाचं पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, बांधातून वाहता कामा नये. लोकांनी श्रमदान करून गळती बुजवली आणि खालच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं. राळेगणचा विज्ञानाचा पहिला तास मी यालाच म्हणेन. तो भरला तेव्हा गावात हायस्कूल नव्हतं.

ते 1979मध्ये आलं. संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली, सरकारी योजनेतून 4 लाख रुपये मिळाले आणि गावकऱ्यांनी राबून दोन महिन्यांत इमारत उभी केली. मान्यतेसाठी मात्र 1980मध्ये अण्णांना उपोषणाला बसावं लागलं. 1982मध्ये गावातली पहिली मुलगी एसएससी झाली.

पुढे गरीब घरांतल्या 200 मुलांसाठी वसतिगृह झालं. शाळेनं प्रवेशाची रीतच उलटी केली: इतरत्र नापास झालेल्याला इथे आधी जागा. या एका निर्णयाचं मोल मला इमारतीहून मोठं वाटतं. नापासाचा शिक्का बहुधा कुणावर बसतो? घरी वही बघणारं कुणी नाही, त्याच्यावर. दलित वस्तीतल्या, भटक्यांच्या पालावरच्या, मुस्लिम कारागिराच्या पोरावर. अशा पोराला दहावीआधीच सांगून टाकतात, विज्ञान तुझं काम नव्हे.

राळेगणमध्ये हे वाक्य टिकत नाही. नालाबांध, गोबरगॅस, सौरदिवे सगळं नजरेसमोर आहे. विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी दर महिन्याला वहीत मांडली, की आलेख म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही. 2017मध्ये शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषिवाहिनी योजनेची सुरुवातही याच गावातून झाली. तिथल्या पॅनेलची, इन्व्हर्टरची देखभाल हे पोटापाण्याचं तंत्र आहे.

शिक्षकांनो, निकालाच्या दिवशी नापास झालेल्या पोराला एकटं घरी धाडू नका. आयटीआयत वेल्डरसारखे काही ट्रेड दहावी अनुत्तीर्णांनाही खुले आहेत. तो अर्ज त्याच्याबरोबर बसून भरा.