सवय आणि सोय

आमच्या कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी पाहायला पाहुणे आले, की माझ्याकडून अजिंठ्याची एक गोष्ट निघतेच. आपल्याच जिल्ह्यातला अजिंठा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या दिवाणखान्यांत जाऊन पोहोचला होता!

तो पोहोचवला मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानं. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पण दरम्यान गिलनं कॅमेरा हाती घेतला होता. त्याच्या जोडछायाचित्रांची पुस्तकं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला निघाली.

जोडछायाचित्र म्हणजे एकाच दृश्याची किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेली दोन चित्रं. स्टिरिओस्कोपच्या भिंगांतून प्रत्येक डोळ्याला एकेक दिसतं, मेंदू दोहोंचा मेळ घालतो आणि खांबामागे खांब उभा राहतो. आजच्या आभासी वास्तवाच्या हेडसेटचं मूळ तत्त्व हेच. फरक एवढाच, की स्टिरिओस्कोप हातात धरायचा. हात दुखला की खाली ठेवायचा. हेडसेट डोक्याला बांधलेला असतो.

तो बांधून दिवसभर काम केलं तर? जर्मनीतल्या कोबुर्गच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा प्रयोग मांडला. पाच दिवस, रोज आठ तास. दोघांनी पहिल्याच दिवशी माघार घेतली. सोळा जण टिकले. नेहमीच्या टेबलापेक्षा त्यांना डोळ्यांचा ताण आणि चिंता जास्त जाणवली. पुढे ५५९ तासांचं चित्रण तपासलं गेलं. पाच दिवसांत हेडसेट सारखा करण्याच्या हालचाली ४६ टक्क्यांनी घटल्या. तो काढण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. पण काढला की ४१ टक्के अधिक वेळ बाजूला राहू लागला. बोलणं अडलं नाही, खाण्यापिण्याची घडी मात्र विसकटली.

माणूस रुळतो, हे खरं. पण सवय म्हणजे सोय नव्हे. जुवाला रुळलेला बैलही मान झटकत नाही. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, त्याच्या तक्रारीची वाट पाहत नाही. उद्या आपली मुलं हेडसेट बांधून कामाला बसतील, तेव्हा त्यांच्याही खांद्यावर असाच कुणाचा तरी हात फिरायला हवा.